न झालेल्या प्रवासाचा हिशोब

‘महानगरांची पुढची वीस वर्षं’ हा विषय संपादकांनी या अंकासाठी दिला आणि त्यातली वाहतूक माझ्या वाट्याला आली. मुंबई, पुणे, नागपूर इथले आराखडे वाचायला घेतले. मेट्रोच्या मार्गिका, बाह्यवळण रस्ते, उड्डाणपूल, आणि प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर पुढचं एखादं साल. सगळं अभ्यासपूर्ण होतं. तरी एक प्रश्न डोक्यातून जाईना. नकाशाच्या कडेला या रेषा जिथे संपतात, त्याच्या पलीकडचा माणूस या महानगरात येतो कसा, आणि येऊन त्याच दिवशी घरी परततो कसा? याचं उत्तर आराखड्यात मिळेना, म्हणून मी नागपूरच्या नकाशाबाहेर, यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावला गेले.

राळेगाव तालुक्याचं गाव आहे. कापूस, सोयाबीन आणि तुरीचा काळ्या मातीचा मुलूख. गोंड-कोलामांची वस्ती मोठी आणि विधानसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. वर्धा नदी तालुक्याची कड आखत वाहते. पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर कळंब, तिथे आता रेल्वे आली आहे. पूर्वेला विसेक किलोमीटरवर वडकी, तिथून श्रीनगर ते कन्याकुमारी हा देशातला सर्वात लांब महामार्ग जातो. नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. नव्या शक्तिपीठ महामार्गाची आखणीही यवतमाळ जिल्ह्यातून केलेली आहे. नकाशावर पाहिलं तर राळेगावच्या चहूबाजूंनी मोठमोठ्या योजना आहेत. एवढ्या योजनांच्या मधोमध बसलेल्या गावाला त्यांतून काय मिळतं, हे बघायला याहून चांगली जागा नाही.

फळ्यावरच्या वेळा

भाद्रपदातली दुपार कलली होती. पाऊस नुकताच थांबून गेलेला. बसस्थानकाच्या शेडखाली गणवेशातल्या मुली दप्तरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बियाण्याच्या पिशवीत औषधाच्या बाटल्या आणि क्ष-किरणाचा लिफाफा सांभाळत एक म्हातारं जोडपं बसलं होतं. राळेगावला एसटीचं स्वतःचं आगार आहे, यवतमाळ विभागातलं. त्यामुळे इथून गाड्या सुटतातही आणि मुक्कामालाही येतात. सगळ्यांच्या नजरा वेळापत्रकाच्या फळ्यावर नव्हत्या, नियंत्रकाच्या खिडकीवर होत्या. फळ्यावरची वेळ म्हणजे ठरलेली गाडी. गाडी खरोखर सुटणार की नाही, हे खिडकीत कळतं.

म्हातारीशी बोलले. यवतमाळच्या दवाखान्यात जाऊन परत येत होती. “डॉक्टर दोन वाजता भेटला ताई,” ती म्हणाली. “तवापासून तो काय सांगते तिकडं ध्यानच नाई. गाडी भेटते का नाई, हाच इचार.” तिचं गाव रस्त्यावर नाही. फाट्यावर उतरून आत चालावं लागतं. अंधार पडायच्या आत फाटा गाठला तर बरं, एवढाच तिचा हिशोब होता.

या तालुक्यात अंधाराला वेगळा अर्थ आहे. 2016 ते 2018 या काळात राळेगाव-पांढरकवडा भागात वाघाच्या हल्ल्यांत अनेक माणसं गेली. ‘अवनी’ नावाने देशभर गाजलेली टी-1 ही वाघीण 2 नोव्हेंबर 2018 रोजी याच तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात मारली गेली. त्या वाघिणीवरून मोठे वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण फाट्यापासून गावापर्यंतचं पायी अंतर कसं कमी करता येईल, यावर कुणी आराखडा केल्याचं दिसलं नाही. शेवटची गाडी पाचला सुटते की साडेसहाला, यावर इथे माणसाचा जीव अवलंबून असू शकतो.

मुक्कामी गाडीचं गणित

आगारात फेरीचं आयुष्य ‘भारमाना’वर ठरतं. गाडीतल्या किती जागा भरून गेल्या त्याची टक्केवारी म्हणजे भारमान. वाहकाच्या हातातल्या तिकीट यंत्रातून रोजचा आकडा आगारात उतरतो आणि तिथून विभागात जातो. डिझेल, पगार, टायर यांचा खर्च किलोमीटरमागे मांडतात, उत्पन्नही किलोमीटरमागेच मांडतात. मेळ बसला नाही की त्या फेरीवर लाल शाई पडते.

आता हे गणित एका खेड्याला लावून बघू. सायंकाळी तालुक्याहून गावाकडे जाणारी गाडी भरलेली असते, कारण बाजार, शाळा, कचेरी आटोपून सगळे घरी निघालेले असतात. ती गावात पोचून लगेच मागे फिरली तर परतीला जवळजवळ रिकामी येते. सकाळी उलट होतं. रिकामी गाडी गावात जाते आणि भरून बाहेर पडते. दोन्ही वेळा अर्धा प्रवास खाली. भारमान पन्नास टक्क्यांच्या वर जाणार तरी कसं?

जुन्या लोकांनी यावर तोड काढली होती ती मुक्कामी गाडीची. सायंकाळची गाडी माणसं घेऊन गावात जायची, चालक-वाहक तिथेच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी विद्यार्थी, दूधवाले, कचेरीवाले घेऊन तालुक्याला यायची. एकही खाली फेरी नाही. गावाला शेवटची आणि पहिली अशा दोन्ही गाड्या मिळायच्या. विदर्भातल्या कितीतरी गावांत मुलींचं शिक्षण या एका गाडीने दहावीच्या पुढे नेलं.

मुक्कामाला निघालेल्या एका वाहकाची बॅग मी जवळून पाहिली. स्टीलचा डबा, घडी घातलेली मच्छरदाणी, पातळ सतरंजी, यंत्राचा चार्जर, टॉर्च आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली सुट्या पैशांची थैली. “गावात खोली भेटली तर बरं,” तो म्हणाला. “नाही तर गाडीतच पाठ टेकवाची. अन् सकाळी संडासचा प्रश्न. हाच खरा प्रश्न हाये मॅडम.” कुठे ग्रामपंचायतीची खोली मिळते, कुठे देवळाचा ओटा, कुठे काहीच नाही. मग कर्मचारी मुक्काम टाळतात, संघटना तक्रार करते, मुक्काम रद्द होतो, आणि गाडी रात्री खाली परत यायला लागते. भारमान कोसळतं. सहा महिन्यांनी फेरीच बंद होते आणि कागदावर कारण लिहिलं जातं ‘प्रतिसाद नाही’.

प्रतिसाद तर होता. गावात एक खोली आणि एक संडास नव्हता. वाहतूक नियोजनाच्या कुठल्याही जाड ग्रंथात ही ओळ सापडणार नाही, पण राळेगावच्या भोवतालच्या गावांत नियोजन नेमकं इथे अडतं.

नागपुरात ठरलेली वीस वर्षं

दीर्घ मुदतीचा वाहतूक आराखडा ही कल्पना आपल्याला परकी नाही. उलट तिचा मोठा भाग विदर्भातच घडला. 1927 साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांच्या विकासासाठी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर अधिभार बसला आणि 1929 मध्ये केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. पुढे 1943च्या डिसेंबरात, महायुद्ध चालू असताना, देशभरातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. देशाच्या रस्त्यांचा पहिला वीस वर्षांचा आराखडा त्या बैठकीत ठरला. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तो आजही ‘नागपूर प्लॅन’ म्हणूनच शिकवतात. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही जी प्रतवारी आज तलाठ्यालाही पाठ असते, ती या आराखड्याने रुजवली.

त्यातली रस्त्यांची लांबी ठरवायची रीत बघण्यासारखी आहे. शेतीखालच्या दर आठ चौरस किलोमीटरला एक किलोमीटर पक्का रस्ता, शेती नसलेल्या मुलखात दर बत्तीसला एक. दोन ते पाच हजार वस्तीच्या प्रत्येक गावामागे एक मैल, त्याहून मोठ्या गावामागे पाच मैल. पुढच्या वाढीसाठी पंधरा टक्के जादा. आणि या बेरजेतून त्या भागात असलेल्या रेल्वेची लांबी वजा करायची, कारण रेल्वे आहे तिथे रस्ता थोडा कमी चालेल. खेड्यांच्या रस्त्यांसाठी वेगळं सूत्र होतं. पाचशेच्या आतल्या वस्तीलाही त्यात मैलाचा पाचवा हिस्सा मिळत होता. शेतीप्रधान भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर राहू नये, असं ध्येय होतं.

मला या सूत्राचं मोल दोन गोष्टींसाठी वाटतं. एक, छोट्यातल्या छोट्या वस्तीला त्यात जागा होती. दोन, रस्ता आणि रेल्वे यांचा एकत्र विचार होता. पुढे 1961 ते 1981 आणि 1981 ते 2001 असे आणखी वीस-वीस वर्षांचे आराखडे झाले. 25 डिसेंबर 2000 रोजी प्रधानमंत्री ग्राम सडक योजना आली. तिने सपाट प्रदेशात पाचशे आणि आदिवासी-डोंगरी भागात अडीचशे वस्तीच्या गावापर्यंत बारमाही रस्त्याचा निकष लावला. राळेगाव तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे या निकषाने खरंच फरक पडला. पूर्वी पावसाळ्यात चिखलात रुतणारी बैलगाडी आता डांबरावरून जाते.

मात्र सगळे निकष रस्त्याचे होते. त्या रस्त्यावरून दिवसातून किती वेळा गाडी जावी, याचा निकष ना 1943 साली ठरला, ना 2000 साली. रस्ता बांधला की गाडी आपोआप येईल, असं धरून चाललो. मोटारसायकल आली. गाडी आली नाही, काही ठिकाणी होती तीही गेली.

महानगर स्वतःला कसं मोजतं

महानगराचा आराखडा रस्त्याच्या लांबीतून निघत नाही, तो माणसांच्या फेऱ्यांतून निघतो. ही पद्धत 1950च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइट आणि शिकागोच्या अभ्यासांतून घडली. शहराचे विभाग पाडायचे. काही हजार घरांत जाऊन विचारायचं की काल घरातलं कोण कुठे, कशाने, किती वाजता गेलं. त्यावरून चार प्रश्नांची उत्तरं काढायची. प्रत्येक विभागातून किती फेऱ्या निघतात? त्या कुठे जातात? कोणत्या वाहनाने जातात? आणि कोणत्या रस्त्याने जातात? मग वीस वर्षांनी लोकसंख्या आणि रोजगार किती असेल त्याचा अंदाज घालून हेच गणित पुन्हा मांडायचं. अमेरिकेत 1962च्या कायद्यानुसार पन्नास हजारांवरच्या प्रत्येक नागरी भागाला असं सततचं, सर्वांगीण आणि सहकार्याने केलेलं नियोजन असल्याशिवाय केंद्राचा रस्त्यांचा पैसा मिळत नाही.

आपल्याकडे मुंबईने ही वाट लवकर धरली. 1948चा मोडक-मेयर आराखडा, साठच्या दशकाच्या सुरुवातीचा विल्बर स्मिथ कंपनीचा वाहतूक अभ्यास, 1975 मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची स्थापना, आणि 2005 ते 2008 या काळात झालेला, 2031 पर्यंत बघणारा सर्वंकष वाहतूक अभ्यास. या शेवटच्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आलं की मुंबई परिसरातल्या निम्म्याच्या आसपास फेऱ्या लोक पायी करतात. घरोघर जाऊन विचारलं म्हणून हे कळलं. नाक्यावर उभं राहून मोटारी मोजल्या असत्या तर पायी चालणारा माणूस मोजणीत आलाच नसता.

नागपूरही त्याच वाटेने निघालं आहे. 2017 मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं. त्याच्या हद्दीत शहराभोवतीची सातशेवर गावं आहेत. मेट्रोचा पहिला टप्पा 2019 ते 2022 दरम्यान सुरू झाला. दुसऱ्या टप्प्याला 2022च्या डिसेंबरात केंद्राची मंजुरी मिळाली. त्यातली एक मार्गिका बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत यायची आहे.

बुटीबोरी राळेगावकरांच्या वाटेवरच आहे. वडकीहून महामार्गाने निघालं की वर्धा नदीचा पूल, वडनेर, हिंगणघाट, जाम आणि मग बुटीबोरी. नागपूरच्या आराखड्यात राळेगावचा माणूस पहिल्यांदा दिसतो तो इथे कुठेतरी, हद्दीवरच्या नाक्यावर, बाहेरून आत येणाऱ्या एका वाहनाच्या रूपात. तो पहाटे किती वाजता उठला, वडकीपर्यंत कशावर लटकून आला, फाट्यावर किती वेळ थांबला, हे त्या आकड्यात नसतं. हद्दीबाहेर आराखड्याला डोळे नाहीत. हद्दीबाहेरचा विचार करणारं दुसरं कुणी असतं तर हरकत नव्हती. तसं कुणी नाही.

कळंबपर्यंत आलेली गाडी

28 फेब्रुवारी 2024 रोजी यवतमाळच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते वर्धा-कळंब या नव्या ब्रॉडगेज मार्गाचं लोकार्पण झालं. वर्धा-यवतमाळ-नांदेड या सुमारे 284 किलोमीटरच्या मार्गाचा हा पहिला तुकडा. 2008-09च्या सुमारास मंजूर झालेली ही योजना. तिच्या खर्चातला चाळीस टक्के वाटा राज्याचा. चिंतामणीच्या कळंबला आगगाडी बघायला तेव्हा माणसं लोटली होती, आणि ते साहजिकच होतं.

यवतमाळ जिल्ह्याला रेल्वे पूर्वीही होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अडीच फुटी रुळांची गाडी धावू लागली, तीच आपली शकुंतला. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गावर आणि तिथून मुंबई बंदरात पोचवायचा, यासाठी ब्रिटिश कंपनीने ती घातली. 1951 साली देशभरच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण होऊनही हा मार्ग खासगी मालकीचाच राहिला. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, पुढे डिझेलचं आलं आणि अलीकडच्या काही वर्षांत ती थांबली. कापसाच्या गाठींसाठी घातलेल्या गाडीत नंतर माणसं बसत गेली, ती त्यांचीच झाली, पण मार्ग आखताना माणसं कुठून कुठे जातात हे कुणी विचारलं नव्हतं.

नव्या मार्गाच्या बाबतीत ती संधी आपल्या हातात आहे. राळेगावच्या माणसाला वर्ध्याला, सेवाग्रामच्या रुग्णालयात, तिथून मुंबई-हावड्याच्या मुख्य मार्गावर कुठेही जायचं तर कळंबचं स्टेशन जवळचं. पण स्टेशनवर गाडी येते त्या सुमारास राळेगावची एसटी तिथे उभी राहील, ही जबाबदारी कुणाची? रेल्वे म्हणेल आमचं काम रुळावर. एसटी म्हणेल आमचं काम भारमानावर. जिल्हा प्रशासनाकडे या दोन वेळापत्रकांना एकत्र बसवणारं टेबलच नाही. त्यामुळे पंचवीस किलोमीटरवर आलेली रेल्वे राळेगावच्या घरापर्यंत पोचत नाही. नांदेडपर्यंतचा मार्ग पूर्ण झाला तरी ती अशीच लांब राहील, जर या मधल्या पंचवीस किलोमीटरचं वेळापत्रक कुणी जुळवलं नाही.

वडकीचा फाटा

वडकीला महामार्गाच्या कडेला उभं राहिलं की देश डोळ्यांसमोरून जातो. काश्मीरचं सफरचंद, हैदराबादकडची औषधं, पंजाबचे कंटेनर. जुना हा सात नंबरचा रस्ता. त्याच्या बाजूला काळीपिवळी आणि अ‍ॅपे ऑटो उभ्या असतात. त्या वेळापत्रकावर सुटत नाहीत, भरल्यावर सुटतात. समोर दोघं, मागे जितके मावतील तितके, टपावर खताची पोती. “भरली का निघतो,” चालक सांगतो, आणि भरायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी तास. या गाड्यांना बेकायदा म्हणून हिणवणं सोपं आहे. एसटीने सोडलेल्या जागेत तालुक्याचा दिनक्रम त्यांनीच धरून ठेवला. 2021च्या ऑक्टोबरअखेरीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एसटीच्या संपात दवाखाना आणि परीक्षा यांच्यासाठी दुसरं काही उरलंच नव्हतं.

मोठ्या रस्त्यांचं धोरण गेल्या पंधरा-वीस वर्षांत बदललं. जुना महामार्ग गावातून जायचा, गाव त्यावर जगायचं. नवा द्रुतगती मार्ग गावाला टाळून जातो आणि ठरावीक ठिकाणीच त्यावर चढता येतं. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून जाणारा. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी शेवटचा तुकडा. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, मूळ आखणीत सुमारे 802 किलोमीटरचा, शक्तिपीठ मार्ग याच जातीचा, आणि त्याच्या जमिनींवरून कोल्हापूर-सांगलीपासून अनेक जिल्ह्यांत शेतकरी उभे राहिले. वेगाची गरज मी नाकारत नाही. नागपूरची संत्री आणि विदर्भातला रुग्ण लवकर पोचला तर ते चांगलंच. पण या मार्गांचं सगळं गणित एका टोकाच्या शहरापासून दुसऱ्या टोकाच्या शहरापर्यंत वाचणाऱ्या तासांचं असतं. मधल्या तालुक्याच्या वाट्याला भूसंपादनाची नोटीस येते. त्याचा वाचलेला वेळ कुणी मोजत नाही.

राळेगावचा कापूस हिंगणघाटच्या मोठ्या बाजारात जातो. वेचणीच्या हंगामात गाडीत भरलेला कापूस बाजारात वेळेत पोचला तर त्याच दिवशी मोजमाप होतं, नाही तर रात्र उघड्यावर. त्या शेतकऱ्याचा कळीचा टप्पा महामार्गावर नसतोच. शेतातून गावापर्यंतचा पांदण रस्ता आणि गावातून फाट्यापर्यंतचा चार किलोमीटरचा उखडलेला तुकडा, तिथे त्याचा वेळ जातो. सातशे किलोमीटरवर वाचलेले आठ तास आणि चार किलोमीटरवर गेलेला एक तास, हे दोन्ही एकाच हिशोबात धरले पाहिजेत.

न झालेला प्रवास

या सगळ्यातून एक गोष्ट मला दिसली आणि ती या लेखात सांगायचीच आहे. वाहतुकीचे सगळे आराखडे झालेल्या प्रवासावर उभे आहेत. भारमान म्हणजे बसलेले लोक. नाक्यावरची मोजणी म्हणजे गेलेली वाहनं. घरोघरचं सर्वेक्षणसुद्धा काल कुठे गेलात एवढंच विचारतं. काल कुठे जायचं होतं आणि जाता आलं नाही, हे कुणी विचारत नाही. तालुक्याच्या गावांत खरी मागणी तिथेच दडलेली आहे.

बारावीनंतर यवतमाळच्या महाविद्यालयात नाव घातलं नाही, कारण प्रात्यक्षिक संपवून परत यायला गाडी नव्हती. दुखणं अंगावर काढलं, कारण सेवाग्रामला गेलं तर रात्र तिथेच काढावी लागेल. बुटीबोरीत काम होतं, पण रोज ये-जा जमत नाही म्हणून बिऱ्हाड हलवलं, किंवा कामच सोडलं. यातली एकही फेरी कुठल्याही आकड्यात नाही. म्हणून त्यासाठी गाडी नाही, आणि गाडी नाही म्हणून ती फेरी नाही.

दडलेली मागणी असते याचा पुरावा आपल्यासमोर आहे. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला आणि गाड्या बायकांनी भरून वाहू लागल्या. त्या बायका आदल्या दिवशीही होत्या. माहेर, दवाखाना, बाजार, देवदर्शन ही कामंही होती. राळेगावच्या स्टँडवर एक मध्यमवयीन बाई मला म्हणाली, “पयले धनी जात होता बाजाराले. आता मीच जातो.” वऱ्हाडी बायकांच्या तोंडचं हे साधं वाक्य आहे. पण अर्ध्या तिकिटाने घरातला एक निर्णय कुणाच्या हातात गेला, ते त्यात कळतं. मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्या आल्या, तेव्हाही असंच झालं. सोय झाली की प्रवास होतो.

तालुक्यापासून आखलेला आराखडा

मग करायचं काय? जगात याची उत्तरं आहेत. स्वित्झर्लंडने 1982 पासून सगळ्या देशाचं वेळापत्रक ठरावीक अंतराने येणाऱ्या गाड्यांवर बांधलं. रेल्वे स्टेशनात आली की खेड्यांकडे जाणाऱ्या बस बाहेर तयार असतात. तिथे आधी वेळापत्रक ठरवलं आणि मग ते पाळायला कुठे नवा रूळ लागेल ते पाहिलं. झुरिक परगण्यात तर तीनशे माणसांच्या सलग वस्तीला सार्वजनिक गाडी मिळालीच पाहिजे, असा नियमच आहे. तो देश श्रीमंत आहे, हे खरं. पण लोकसंख्येचा निकष लावून गावाला हक्क द्यायची रीत आपल्याला नवी नाही. अडीचशे वस्तीच्या पाड्याला रस्ता देताना आपण तेच केलं.

तसाच निकष गाडीला लावायला हवा. तालुक्यातल्या ठरावीक वस्तीवरच्या प्रत्येक गावाला सकाळी कचेरी-कॉलेजच्या वेळेला जाणारी आणि सायंकाळी काम आटोपून परतणारी एक गाडी, ही किमान हमी. तिचा खर्च भारमानातून निघणार नाही, तेव्हा तो राज्याने सेवेचा करार करून एसटीला द्यावा. शाळा चालवताना आपण पटसंख्येचा नफा काढत नाही, मग शाळेत नेणाऱ्या गाडीचा का काढतो? मुक्कामी गाड्यांसाठी गावागावांत एक स्वच्छ खोली आणि स्वच्छतागृह ग्रामपंचायतीने बांधावं. एका उड्डाणपुलाच्या पैशात विदर्भभर अशा खोल्या उभ्या राहतील.

कळंबचं स्टेशन आणि वडकीचा फाटा ही दोन ठिकाणं नियोजनात अदलाबदलीची केंद्रं म्हणून धरावीत. तिथे निवारा, दिवे, पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि आगगाडी व लांब पल्ल्याच्या एसटीशी जुळलेल्या राळेगावच्या फेऱ्या असाव्यात. काळीपिवळीवाल्यांना या साखळीत परवाना, ठरलेला दर आणि ठरलेली वेळ देऊन सामावून घ्यावं, कारण छोट्या गावापर्यंत मोठी गाडी प्रत्येक वेळी परवडणार नाही. आणि मेट्रो जेव्हा बुटीबोरीला येईल, तेव्हा वर्धा-यवतमाळकडच्या एसटी तिथे थांबून प्रवाशांना मेट्रोत चढता येईल, ही जागा आत्ताच राखून ठेवावी. स्टेशन बांधून झाल्यावर ती सापडत नसते.

सगळ्यात आधी मात्र मोजणी बदलावी लागेल. महानगर प्राधिकरणाच्या हद्दीबाहेर, विभागीय पातळीवर, रेल्वे, एसटी, सार्वजनिक बांधकाम आणि जिल्हा परिषद यांना एका टेबलाशी बसवणारी वाहतूक यंत्रणा हवी. तिने गावोगाव जाऊन दोन प्रश्न विचारावेत. काल कुठे गेलात? आणि कुठे जायचं होतं, पण जाता आलं नाही? हे दुसरं उत्तर आराखड्यात लिहिलं गेलं, तर पुढची वीस वर्षं वेगळी दिसतील. नागपूरचंही त्यात भलं आहे. रोज ये-जा करता आली तर राळेगावचा तरुण शहराच्या कडेच्या खोलीत दाटीवाटीने राहायला जाणार नाही. त्याचं शेत, आई-बाप आणि मत गावात राहील, आणि त्याचं कौशल्य शहराला मिळेल. महानगराची गर्दी कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

1943 साली नागपुरात बसलेल्या अभियंत्यांनी गाव रस्त्यापासून जास्तीत जास्त किती मैलांवर असावं हे ठरवलं, आणि पुढच्या पिढ्यांनी ते बऱ्याच अंशी करून दाखवलं. आता गाव गाडीपासून जास्तीत जास्त किती तासांवर असावं, हे ठरवायचं काम आपलं आहे. ते ठरवायला नवं तंत्रज्ञान लागत नाही आणि नवा महामार्गही लागत नाही. राळेगावची शेवटची गाडी किती वाजता सुटते, हा प्रश्न मुंबई-नागपूरच्या बैठकीत पहिल्या क्रमांकावर यावा लागतो. तो आणणं हे आपल्या लोकप्रतिनिधींचं, नियोजनकारांचं आणि शहरात राहून हे वाचणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांचं काम आहे.